खाडा चालतो का?

डिस्नेचा डायनिंग प्लॅन समजावून सांगायला मी लॅपटॉप उघडून बसले, तेव्हा बाबांचा पहिलाच प्रश्न होता, "खाडा चालतो का?"

२०२४ चा ऑक्टोबर महिना. आई-बाबा सहा महिन्यांसाठी कराडहून आमच्याकडे अटलांटाला आलेले. नोव्हेंबरात चार रात्री ऑरलँडोला, वॉल्ट डिस्ने वर्ल्डला जायचं ठरलं होतं. बाबांची अख्खी नोकरी बँकेत गेली. बदलीच्या गावी ते एकटे राहायचे आणि खानावळीत जेवायचे. महिन्याचे पैसे आधी भरायचे, कार्डावर साठ ताटं, जेवलं की एका चौकोनावर खूण. गावी जायचं असेल तर आदल्या दिवशी मावशींना सांगायचं. मग खाडा धरला जायचा आणि ते ताट पुढे जमा व्हायचं. न सांगता गेलं तर ताट गेलं. पुण्यात शिकताना मीही तीन वर्षं असंच कार्ड पर्समध्ये बाळगलं. त्यामुळे जेवणाचे पैसे आधीच मोजायचे, यात आम्हा दोघांना नवल नव्हतं. हिशोब मात्र नवा होता, आणि तो नीट कळायला मला दोन आठवडे लागले.

तो असा. डिस्नेच्या आवारातल्या हॉटेलात राहणाऱ्यांनाच, मुक्कामाच्या पॅकेजसोबत हा प्लॅन घेता येतो. २००५ मध्ये तो सुरू झाला, २०२० मध्ये महामारीत बंद पडला आणि ९ जानेवारी २०२४ पासून पुन्हा आला, तो दोन प्रकारांत. साध्या प्रकारात माणशी दर रात्रीमागे काउंटरवरची दोन जेवणं आणि एक स्नॅक. मोठ्या प्रकारात काउंटरवरचं एक, टेबलावर बसून एक आणि एक स्नॅक. दोन्हींत प्रत्येकाला पेयांसाठी एक मग, तो मुक्कामभर कितीही वेळा भरून घ्यायचा. त्या वर्षी मोठ्या माणसांसाठी साध्या प्रकाराचा दर रात्रीला ५७ डॉलर १ सेंट होता आणि मोठ्या प्रकाराचा ९४ डॉलर २८ सेंट, करासकट.

"दिवसाला नाही, रात्रीला?" बाबांनी लगेच पकडलं. बरोबर होतं त्यांचं. चार रात्री म्हणजे पाच दिवस, पण जेवणं चारच दिवसांची. शिवाय दिवसाला दोनच, म्हणजे नाश्त्याची सोय आपली आपण बघायची.

आणि खाडा? तो चालतो. एका दिवशी जेवलं नाही तर ते जेवण पुढच्या दिवशी वापरता येतं. घरातल्या सगळ्यांची जेवणं एकाच खात्यात जमा असतात. फक्त निघायच्या दिवशी रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी खातं बंद होतं. उरलेल्याचे पैसे परत मिळत नाहीत, पुढच्या खेपेला ते चालत नाही आणि दुसऱ्या कोणाला देताही येत नाही.

बाबांनी वहीत पान आखलं. टेबल २०, काउंटर २०, स्नॅक २०. आम्ही सहा जण असूनही आकडे पाच माणसांचे, कारण धाकटा अडीच वर्षांचा. तीन वर्षांखालच्या मुलांना प्लॅनच नसतो. बुफेत ती फुकट जेवतात, बाकी ठिकाणी आईबापांच्या ताटातलं खातात. थोरली मात्र नुकतीच दहा वर्षांची झालेली. डिस्नेच्या हिशोबात मूल म्हणजे तीन ते नऊ, दहाव्या वाढदिवसापासून माणूस मोठा. नवव्या वर्षी गेलो असतो तर तिचा मोठ्या प्रकाराचा दर रात्रीला २९ डॉलर ६९ सेंट पडला असता. चार अर्धवट घास खाऊन "पोट भरलं" म्हणणारी मुलगी माझ्या नवऱ्याइतक्याच दराने जेवायला निघाली होती. तिला वगळावं असं मनात आलं, पण तशी सोय नाही. एका पॅकेजमधल्या तीन वर्षांवरच्या प्रत्येकाला प्लॅन घ्यावाच लागतो. (२०२६ च्या मुक्कामांसाठी मोठ्यांनी प्लॅन घेतला तर तीन ते नऊ वर्षांच्या मुलांचा मोफत, असं त्यांनी पुढे जाहीर केलं. त्या वयाची दोन मुलं असतील तर सगळं गणितच पालटतं.)

आम्ही मोठा प्रकार घेतला. १८८५ डॉलर ६० सेंट. आई-बाबांना निवांत बसून, कोणीतरी वाढतंय असं जेवण मिळावं, एवढाच माझा विचार होता.

पैसे भरले म्हणजे जागा मिळाली असं मात्र नाही. टेबलाचं आरक्षण वेगळं, साठ दिवस आधीपासून खुलं होतं. आम्हाला उशीर झाला होता, त्यामुळे रोज पहाटे उठून कोणी रद्द केलेलं टेबल सापडतंय का, हे मी बघत असे. आरक्षण करून गेलं नाही तर माणशी दहा डॉलर. काही ठिकाणी एका जेवणाला टेबलाची दोन जेवणं वजा होतात. सिंड्रेलाच्या राजवाड्यातलं जेवण त्यातलंच. थोरलीला तिथे जायचं होतं. पाच माणसांची दहा, म्हणजे निम्मी शिल्लक एका बैठकीत. बाबांनी वही तिच्यापुढे धरली आणि तिलाच ठरवायला सांगितलं. तिने बराच वेळ आकड्यांकडे बघितलं आणि "बाहेरून बघू" म्हणाली. माझ्या पोटात तुटलं.

पहिलं जेवण 'सना'मध्ये. ॲनिमल किंगडम लॉजच्या किदानी व्हिलेजमधलं हे रेस्टॉरंट, आफ्रिकी आणि भारतीय चवींचं. खिडकीच्या काचेपलीकडे मोकळं गवताळ रान आणि त्यात जिराफ, झेब्रे हिंडत असतात. आई खुर्ची वळवून बाहेरच बघत बसली. एक जिराफ मान खाली घालून खाद्य खात होता, तर म्हणाली, "किती सावकाश जेवतोय बघ."

तिथली 'ब्रेड सर्व्हिस' प्रसिद्ध आहे. पाच प्रकारचे ब्रेड, नान, कांद्याचा कुलचा, पनीर पराठा असे, आणि सोबत नऊ वाट्या: रायतं, आंब्याची चटणी, चिंचेची, कोथिंबिरीची, लसणाचं लोणचं, तिखट सांबल. लांबट ताटात त्या नऊ वाट्या ओळीने आल्या आणि टेबलावरचं बोलणंच थांबलं. आईने प्रत्येक वाटीतलं बोटावर घेऊन चाखलं. चिंचेच्या चटणीला मान डोलावली, लोणच्याला "लिंबू कमी पडलंय" म्हणाली, कोथिंबिरीची धाकट्याच्या ओठाला लावली. नान एकाने तोडायचा, अर्धा दुसऱ्याला द्यायचा, वाट्या इकडून तिकडे सरकवायच्या. आमच्या घरचं जेवण असंच असतं. त्या सहलीतली सगळ्यात सुंदर पंधरा मिनिटं त्या ताटाभोवती गेली.

आणि नेमकं ते ताट प्लॅनमध्ये बसत नाही. टेबलावरच्या जेवणात माणशी एक मुख्य पदार्थ, एक पेय आणि दुपारी-रात्री असेल तर एक गोड पदार्थ. सुरुवातीचे पदार्थ त्यात नाहीत, आणि ब्रेड सर्व्हिस सुरुवातीच्या पदार्थांत मोडते. पूर्वी तेही मिळायचं आणि टिपही आतच असायची. २००८ पासून दोन्ही काढून टाकलं. मला हे वाचून माहीत होतं, म्हणून ते पैसे मी आधीच बाजूला ठेवले होते. पण त्या टेबलावर बसल्यावर एक गोष्ट लख्ख दिसली. प्लॅन माणसागणिक ताट मोजतो. चौघांनी मिळून खायचं, मधोमध ठेवायचं असं काही असलं की ते त्याच्या बाहेर जातं. प्रत्येकाच्या पुढ्यात आपापला मुख्य पदार्थ आला तेव्हा आम्ही अर्धे जेवून झालो होतो, आणि वर पाच गोड पदार्थ यायचे होते.

बिलावर पाच जेवणांचे पैसे वजा झालेले, खाली ब्रेड सर्व्हिसचे आणि त्याखाली टिप. सहा किंवा जास्त माणसांच्या टेबलाला १८ टक्के टिप आपोआप लागते, तीही जेवणाच्या मूळ किमतीवर. बिल बघून बाबा काही बोलतील असं मला वाटलं होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "वाढणाऱ्याचं वेगळं द्यायचं ना? मग बरोबर आहे." खानावळीत दिवाळीला वाढप्याला पाकीट द्यायचे ते, आणि तेही कार्डात नसायचं. उठताना आमच्या टेबलाच्या मुलीला त्यांनी हात जोडून नमस्कार केला. तिनेही हातातला ट्रे बाजूला ठेवून हात जोडले. मला हे आवर्जून सांगायचंय: प्लॅन घेतला म्हणून टेबलावर बसताना खिसा रिकामा ठेवून जाऊ नका. तिथे राबणाऱ्यांची कमाई टिपेवर उभी असते. चार बैठकींची टिप धरूनच बजेट करा.

काउंटरवरच्या जेवणात एक मुख्य पदार्थ आणि एक पेय, एवढंच. ॲनिमल किंगडममधल्या 'सातूली कॅन्टीन'मध्ये टोफूचा वाडगा मिळतो. भात, भाजी, वरून सॉस. बाबांना तो इतका आवडला की दुसऱ्या दिवशीही विचारत होते. थंडगार पाण्याचा ग्लास काउंटरवर फुकट मिळतो, त्यासाठी प्लॅनमधलं काही खर्च करू नये. पेयाच्या बाबतीत एकवीस वर्षांवरच्यांना दारूचा एक ग्लासही चालतो, २०१८ पासून. किमतीत तो गृहीत धरलेला आहे. आमच्यात कोणी घेत नाही. कॉकटेलच्या जागी आईने रोज लिंबू सरबत घेतलं. मांसाहाराचंही तसंच. पस्तीस-चाळीस डॉलरचा स्टेक आणि पंचवीस डॉलरची भाजी-भाताची थाळी, दोन्हीला एकच जेवण वजा. शाकाहारी माणूस या हिशोबात कायम तोट्यात असतो. त्यात कोणाची लबाडी नाही, दर सरसकट आहे इतकंच. पण आपल्या घरात कोण काय खातं हे आपल्यालाच माहीत असतं, म्हणून आकडेमोड आपणच करायला हवी.

स्नॅकचा प्रकार बाबांना सगळ्यात लवकर कळला. सहा डॉलरच्या वरचं मिकीच्या कानांचं आइस्क्रीमही एक स्नॅक आणि एक केळंही एक स्नॅक. म्हणून केळी ते रोख पैसे देऊन घेत. वीस स्नॅक त्यांनी बँकेत ठेव सांभाळावी तसे सांभाळले. पॉपकॉर्नची शोभेची बादली, खेळण्यासारखे ग्लास यात येत नाहीत. पेयांचा तो मग मात्र फक्त हॉटेलात चालतो. त्याच्या बुडाशी चिप असते आणि पार्कमध्ये तो भरता येत नाही. हॉटेलात कॉफी, सरबतं, गरम पाणी आणि चहाच्या पिशव्या. उकळलेला चहा नाही. आमच्या फॅमिली सूटमध्ये मायक्रोवेव्ह आणि छोटा फ्रिज होता, त्यामुळे आईने आलं किसून, मायक्रोवेव्हमध्ये दूध तापवून आपल्यापुरतं जमवलं. पाच मग, प्रत्येकावर नेलपॉलिशचा वेगवेगळा ठिपका, म्हणजे अदलाबदल नको.

नाश्त्याला आणि मधल्या वेळेला आईच्या दशम्या होत्या. दुधात कणीक भिजवून केलेल्या, तूप लावून घडी घातलेल्या, सोबत शेंगदाण्याची चटणी. डिस्नेच्या पार्कमध्ये घरचं खाणं नेता येतं, हे अनेकांना ठाऊकच नसतं. काचेची भांडी नकोत, दारू नको, गरम करावं लागेल असं नको आणि उग्र वास नको. दशमी या सगळ्या अटींत बसते. आईने चटणीत लसूण घातला नाही, त्या शेवटच्या अटीसाठी. पिशव्या तपासणाऱ्या बाईंनी डबा उघडून बघितला, हसून बंद केला आणि आम्हाला आत सोडलं.

दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. आई आदल्या रात्रीपर्यंत काही बोलली नव्हती. माझ्या सहलीत आपली अडचण नको म्हणून. त्या संध्याकाळी सहाला मिकीचा बुफे होता. साठ डॉलरच्या वरचं जेवण, त्याला टेबलाचं एकच जेवण वजा होतं, म्हणून बाबांच्या वहीत ती सगळ्यात फायद्याची बैठक होती. मिकी टेबलाशी येणार म्हणून धाकट्याला नवा शर्टही घेतला होता. चंद्रोदय आठ वाजून गेल्यावर. मी उशिराचं टेबल शोधलं, मिळालं नाही. आई म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मी खोलीवर थांबते." मी काही बोलायच्या आत बाबांनी वही उघडली आणि त्या दिवसाच्या रकान्यात दोन टेबलांपुढे लिहिलं: खाडा.

आरक्षण सहा जणांऐवजी चार जणांचं केलं आणि आम्ही गेलो. धाकटा मिकीला घट्ट मिठी मारून राहिला. थोरलीने बुफेतून ताट भरून आणलं आणि त्यातलं फक्त मॅकरोनी चीज खाल्लं. माझं लक्ष घड्याळाकडे होतं.

परत आलो तेव्हा खोलीत दोघं नव्हती. हॉटेलच्या मागे एक तळं आहे, अवरग्लास लेक. त्यावरून स्कायलाइनर या रोपवेच्या डब्या एकामागून एक सरकत जातात. दोघं तळ्याकाठी उभी होती. आईच्या अंगावर साडी आणि पायात माझे स्पोर्ट्स शूज. चंद्र नुकताच वर आला होता, जरा पिवळट, अजून पूर्ण गोल वाटावा असा. ताम्हन-पळी आणलेलं नव्हतं. तिने हातात मग घेतला होता, तोच, प्लॅनमधला, लाल ठिपक्याचा. घासून, धुऊन, स्वच्छ पाणी भरून आणलेला. काठावरच्या गवतात तिने तीनदा पाणी सोडलं, पुटपुटत. मग तोच मग बाबांच्या हातात देऊन तिने हात जोडले. थोरली धावत जाऊन तिच्या बाजूला उभी राहिली आणि तिनेही जोडले.

खोलीत मायक्रोवेव्हमध्ये शिजवलेला मुगाच्या डाळीचा मऊ भात होता, वर तूप. गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य दाखवून झाला. मघाशी बुफेत जेमतेम खाल्लेली थोरली आजीच्या ताटात बसून पोटभर जेवली. मीही दोन घास घेतले. दिवसभर प्लॅनमधलं जे जे खाल्लं त्यातलं काय काय होतं, हे मला आज आठवत नाही. तो भात आठवतो.

पुढचे दोन दिवस मी त्या दोन खाड्यांच्या मागे लागले. म्हणजे दोन माणसांसाठी कुठे टेबल मिळेल, सकाळच्या वेळी मिळेल का, आई-बाबांनाच पाठवता येईल का. आई कंटाळून म्हणाली, "भूक नसताना जेवायचं कशाला? जे उरलंय ते कोणाला तरी देऊन टाक." देता येत नाही म्हटल्यावर तिला खरोखर वाईट वाटलं. पैसे गेले याचं नाही. दोन ताटं कोणाच्याच मुखी लागणार नाहीत, याचं. त्याच दिवशी दुपारी आमच्या टेबलावर पाच गोड पदार्थ आले आणि तीन तसेच राहिले. आईने ते बांधून घेतले, फ्रिजमध्ये ठेवले, दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून संपवले. गोड नको म्हणून आधीच सांगायला हवं होतं. पण आपण पैसे भरलेत, आपल्या हक्काचं आहे, हा विचार भुकेच्या आधी डोक्यात येतो आणि मग पोटाचं कोणी विचारत नाही. खानावळीतही महिनाअखेरीला ताटं उरली की बाबा मित्राला घेऊन जात. मावशी कार्डावर दोन खुणा करत आणि दुसरं ताट मांडत.

बाबांनी सगळ्या मेन्यूकार्डांवरच्या किमती उतरवून घेतल्या होत्या. आम्ही खाल्लेलं भरलेल्या पैशांपेक्षा दोनशे डॉलरच्या आसपास कमी भरलं. मला कोणी विचारलं तर मी आता स्पष्ट सांगते. मांसाहार करणारे, सोबत एखादा ग्लास घेणारे, मुलं तीन ते नऊ वर्षांची आणि मिकी-मिनीसोबतची जेवणं आधीच ठरलेली, अशांनी मोठा प्रकार खुशाल घ्यावा. शाकाहारी आई-वडील सोबत असतील, उपासतापास असतील, तर दर जेवणाला पैसे मोजून खावं. फार तर साधा प्रकार घ्यावा. आणि सनाला जावं, ब्रेड सर्व्हिस मागवावी, सगळ्यांत मिळून.

निघायच्या दिवशी काउंटरवरची शेवटची पाच जेवणं दुपारी वापरली. तीन स्नॅक उरले होते. आजोबा आणि नात दोघंच दुकानात गेले आणि बऱ्याच वेळाने बदामांची पाकिटं घेऊन आले, कराडच्या शेजाऱ्यांसाठी. मार्शमेलोच्या वड्या थोरलीनेच परत ठेवायला लावल्या. त्यात जिलेटिन असतं, आजीच्या घरी चालणार नाही, हे तिने आजोबांना समजावून सांगितलं.

संध्याकाळी निघालो. जॉर्जियात शिरलो तेव्हा पूर्ण अंधार झाला होता. नवरा गाडी चालवत होता, मुलं आणि आई झोपलेली. मागच्या सीटवरून बाबांनी हळूच विचारलं, "किती वाजले गं?"

"बाराला पाच कमी."

त्यांनी मांडीवरचा डबा उघडला. तळाशी एकच दशमी राहिली होती, चार दिवसांची, जरा कडक झालेली. तिचे तुकडे करून त्यांनी एक नवऱ्याच्या हातावर ठेवला, एक माझ्या, आणि चटणीची पुरचुंडी पुढे केली.